फरशी कुणी बसवली?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याचं व्याकरण कच्चं असावं, असा मला फार दिवसांपासून संशय आहे. लग्न माणूस खरोखरच स्वतः करतो. म्हणजे मांडव दुसरा घालतो, स्वयंपाक आचारी करतो, मंत्र भटजी म्हणतात, जेवायला भलतेच लोक येतात. पण बोहल्यावर उभं राहायला काही रोजंदारीचा माणूस लावता येत नाही. घराचं तसं नाही. घर बांधताना सगळे हजर असतात, बांधणारा तेवढा नसतो. तो कुठल्या तरी कचेरीत पंख्याखाली बसून चेकवर सह्या करत असतो. आणि पुढे जन्मभर आल्यागेल्याला सांगतो, "हे घर मी 1997 साली बांधलं." ऐकणाराही कधी विचारत नाही, की बाबा रे, विटा उचलताना तुझी पाठ धरली होती का?

बँकेत इतकी वर्षं काढल्यावर मला क्रियापदांचा भरवसा वाटेनासा झाला आहे. आमच्याकडे साधं दोनशे रुपयांचं व्हाउचर असलं तरी ते करणारा एक, तपासणारा दुसरा. बँकेबाहेरच्या जगात मात्र कुठल्याही कामाला एकच सही चालते, आणि ती बहुतेक वेळा ज्याने काम केलेलं नाही त्याची असते. तेव्हा एखादी गोष्ट 'मी स्वतः केली' असं माणसाने नेमकं केव्हा म्हणावं, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी त्यावर डोकं खाजवलं असेल. माझ्यापुढे तो आला तो मात्र एका खोलीच्या फरशीच्या रूपाने.

त्याचं असं झालं. माझे साडू फुलसावंगीला असतात. फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला महागाव तालुका. जिल्हा परिषदेच्या शाळेत 33 वर्षं शिकवून ते निवृत्त झाले. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणतं म्हणून मीही गुरुजीच म्हणतो. निवृत्तीनंतर गावातलं घर त्यांनी मुलाच्या ताब्यात दिलं आणि शेतात दोन खोल्या बांधल्या. (इथे 'बांधल्या' हे क्रियापद मी चालीरीतीप्रमाणे वापरतो आहे.) त्या घरापर्यंत विजेची तार पोचलेली नाही. शेवटचा खांब बऱ्याच अलीकडे थांबला आहे. तो पुढे सरकेल या आशेवर गुरुजींनी दोन उन्हाळे काढले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पत्र्यावर सौर पाट्या बसवून घेतल्या. त्यावर चार दिवे, एक पंखा आणि गुरुजींचा मोबाइल एवढा संसार चालतो. पाट्या बसल्या त्या दिवशी गुरुजी मला म्हणाले, "आता मी कुणाचा मिंधा नाही. माझी वीज मी करतो." वास्तविक वीज सूर्य करत होता, पण सूर्याने कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

मिंधेपणा संपवायची एकदा चटक लागली की माणूस थांबत नाही. पुढच्या खोलीला फरशी घालायचं ठरलं तेव्हा गुरुजींनी जाहीर केलं, "मिस्त्री नको. फरशी मी स्वतः बसवणार." शाळेत त्यांच्याकडे कार्यानुभव हा विषय होता. मुलांकडून त्यांनी खडू, केरसुण्या आणि कागदाच्या पिशव्या करून घेतल्या होत्या. स्वावलंबनाचा धडा इतक्या वेळा शिकवला होता, की आता एकदा तो करून पाहणं भाग होतं. मी म्हटलं, "गुरुजी, दोन दिवसांची मजुरी वाचवायला एवढा खटाटोप?" तर म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." प्रश्न तत्त्वाचा निघाला की खर्च वाढतो, हा बँकेतला माझा अनुभव आहे. पण थोरल्या साडूंना हिशोब सांगू नये, म्हणून मी गप्प राहिलो.

गणित मात्र गुरुजींचं पक्कं. खोली 12 फूट बाय 15 फूट, म्हणजे 180 चौरस फूट. फरशी दोन बाय दोनची, म्हणजे चार चौरस फूट. 180 भागिले 4, बरोबर 45. पेटीत चार फरश्या येतात आणि दुकानदार सव्वा पेटी सुटी देत नाही म्हणून नाइलाजाने त्यांनी 12 पेट्या, म्हणजे 48 फरश्या आणल्या. तीन फरश्या उगाच अंगावर पडल्या याची त्यांना हळहळ वाटत होती. शेतातल्या विहिरीजवळ पेट्या उतरल्या, पैनगंगेची रेती आली, सिमेंटच्या गोण्या आल्या. गुरुजींनी पायजमा दुमडला, डोक्याला उपरणं बांधलं आणि खोलीतली जमीन चोपायला घेतली.

त्याच संध्याकाळी गावातला मिस्त्री बांधावरून चालला होता. तो थांबला. हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी, चौथीनंतर शाळा सोडलेला. दारातून आत डोकावून म्हणाला, "गुरुजी, काय करून रायले?"

"फरशी बसवतोय."

"बसवा जी. पन खाली काय हाये?"

"जमीन आहे."

"कोन्ती?"

"कोणती म्हणजे? आपलीच. पायाची निघालेली माती आतच भरली."

"आपली म्हंजे काईच ना?" असं म्हणून मिस्त्री ओट्यावर टेकला. आणि मग 33 वर्षं भूगोल शिकवलेल्या गुरुजींना त्याने त्यांच्याच शेताचा भूगोल सांगितला.

काळी माती म्हणजे आपल्या जिल्ह्याचं वैभव. तिच्यावर कापूस होतो आणि कापसावर आपण. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून पिकाला बरी. पण त्याच गुणाने ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात शेतात गेलात तर पाऊल जाईल एवढाल्या भेगा दिसतात. शेतकऱ्याला त्याचं काही वाटत नाही, कारण कापूस थोडा हलला म्हणून बिघडत नाही. फरशीचं बिघडतं. मिस्त्रीच्या शब्दांत सांगायचं तर, "या मातीवरची फरशी श्रावनात उठते अन् चैतात बसते. दोन साल उठबस केली का तिचे टवके निघतेत." इलाज एकच. भरलेली काळी माती दीड फूट खणून काढायची, जागी मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचा, वर काँक्रीटचा कोबा करायचा आणि मग फरशीचं नाव घ्यायचं.

गुरुजींनी दीड फूट खणलं. म्हणजे दोन दिवस त्यांनी खणलं आणि उरलेलं त्यांच्या मुलाने आणि सालगड्याने खणलं. पण ते असो.

त्यानंतर मिस्त्री रोज येऊ लागला. सकाळी यायचा, ओट्यावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि बघायचा. कामाला हात लावायचा नाही. गुरुजींचीच तशी अट होती. फक्त मधून मधून एखादा प्रश्न विचारायचा, आणि त्या प्रश्नाने गुरुजींचा अर्धा दिवस बदलायचा.

खोली गुण्यात आहे का, म्हणजे भिंती एकमेकींशी काटकोनात आहेत का, हे गुरुजींनी पाहिलंच नव्हतं. मिस्त्रीने सुतळीला खुणा करायला सांगितल्या. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन हात, दुसरीवर चार हात, आणि तिरकी सुतळी बरोबर पाच भरली पाहिजे. भरली नाही. "अरे, हा तर पायथागोरस!" गुरुजी आनंदाने ओरडले. मिस्त्री म्हणाला, "कोन असन तो असो जी, पन तुमची भित वाकडी हाये." पायथागोरसचा सिद्धांत गुरुजींनी फळ्यावर शेकडो वेळा सिद्ध केला होता. त्याचा उपयोग होतो, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं.

मग पाणीनळी आली. ही मला फार आवडते. पारदर्शक रबरी नळीत पाणी भरायचं, एक टोक या भिंतीला आणि दुसरं त्या भिंतीला धरायचं. दोन्हीकडे पाणी एका पातळीत उभं राहतं. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, आणि ती माणूस बघून आकडा बदलत नाही. आमच्या ऑडिटरांना एकेक पाणीनळी द्यावी, असं मला तेव्हा वाटून गेलं.

वीज नसल्याचा खरा प्रताप फरशी कापायच्या वेळी दिसला. गुरुजींनी कुणाचं तरी विजेवरचं कटर मागून आणलं आणि सौर पेटीला जोडलं. पेटीने शीळ घातली, लाल दिवा दाखवला आणि मौन धरलं. त्या रात्री आम्ही कंदिलाच्या उजेडात जेवलो. चार दिव्यांपुरता सूर्य दगड कापायला तयार होत नाही, हे त्यातून सिद्ध झालं. मग हाताचं कटर आलं. ते फरशीवर एक ओरखडा काढतं, आणि मग दांडा दाबला की फरशी त्या रेषेवर तुटते. तुटते, असं पेटीवर छापलेलं असतं. गुरुजींच्या पाच फरश्या त्यांना वाटेल त्या रेषेवर तुटल्या.

आणि आता त्या तीन जादा फरश्यांची गोष्ट. दोन बाय दोन म्हणून जी फरशी विकतात ती मुळात 60 सेंटिमीटरची असते. दोन फूट म्हणजे 60.96 सेंटिमीटर. एका फरशीमागे एक सेंटिमीटरही नाही, म्हणून कुणी बोलत नाही. पण सहा फरश्या ओळीने लावल्या की बारा फुटांच्या खोलीत, मधले सांधे धरूनही, भिंतीपाशी दोन-अडीच बोटांची फट उरते. लांबीच्या बाजूला गुरुजींनी शेवटी अर्धी-अर्धी फरशी धरली होती. तिथे अर्ध्याहून मोठा तुकडा लागायला लागला, आणि मग एका फरशीतून दोन तुकडे निघेनात. 45 चा हिशोब 48 वर गेला. त्यात पाच फुटलेल्या. मापात पाप म्हणतात ते हेच. मिस्त्री म्हणाला, "आमी शंभराले दहा जादा सांगतो तं लोकाईले वाटते मिस्त्री घरी नेते." आणखी दोन पेट्या आल्या.

फरश्या गुरुजींनी रात्रभर टाक्यात भिजत घातल्या होत्या, हरभरे घालतात तशा. मिस्त्रीने त्या बघून कपाळाला हात लावला. "ह्या नव्या फरश्या पानीच पेत नाईत जी. त्या जुन्या प्यायच्या." खरंच आहे. या व्हिट्रिफाइड फरश्या इतक्या कडक भाजलेल्या असतात, की त्या आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाहीत. म्हणून नुसत्या सिमेंटला त्या नीट धरत नाहीत, वेगळा चिकट मसाला लागतो. मिस्त्री त्याला केमिकल म्हणतो. तेही आलं.

एकोणिसाव्या दिवशी फरशी पुरी झाली. मिस्त्रीने शेवटचा धडा दिला. थापीच्या मुठीने तो एकेका फरशीवर टकटक करत गेला. खाली माल भरीव असेल तर आवाज बसका येतो, पोकळी राहिली असेल तर रिकाम्या डब्यासारखा येतो. वरून सगळ्या सारख्याच चकचकीत. ठोकल्याशिवाय कळत नाही. गुरुजींनी सात फरश्या उचलून पुन्हा बसवल्या. इथे मात्र मला त्यांचा खराखुरा आदर वाटला. पाहुण्याला न दिसणारी पोकळी भरायला फार कमी माणसं खाली बसतात.

मग सुरू झाला पाहण्याचा कार्यक्रम. गावातले, शाळेतले, नात्यातले, सगळ्यांना बोलावणं. "बघा, मिस्त्री लावला नाही. मी स्वतः बसवली." 2012 साली अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी नवशिक्या लोकांकडून कागदाचे बेडूक आणि बगळे करून घेतले, आणि असं आढळलं, की वेडेवाकडे झाले तरी करणाऱ्याला आपले बगळे उस्तादांच्या बगळ्यांइतकेच मोलाचे वाटतात. ज्या स्वीडिश कंपनीचं फर्निचर गिऱ्हाइकाला घरी नेऊन स्वतः जोडावं लागतं, त्या आयकियाचं नाव त्यांनी या परिणामाला दिलं. आपल्याकडे कुठल्याही बारशाला गेलं असतं तर हा शोध फुकटात लागला असता. तर गुरुजींच्या फरशीचा एक कोपरा मला किंचित उंच वाटला, पण त्यांना तो दिसत नव्हता, आणि दाखवणं नात्याला परवडणारं नव्हतं.

पहिला धक्का दिला तो माझ्या थोरल्या मेहुणीने. चहाचे कप उचलता उचलता ताई म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? गावातल्या घराची जमीन 30 वर्षं मी सारवली. दर आठ दिवसांनी. तेव्हा नाही कुणाला बघायला बोलावलं तुमच्या साडूंनी."

खोलीत शांतता पसरली. मी सवयीने मनात गुणाकार केला. वर्षाला 52 आठवडे, 30 वर्षं, एकूण 1560 वेळा. सणावारांचं सारवण वेगळं. शेण आणायचं, त्यातल्या काड्या वेचायच्या, पाण्यात कालवायचं, पोतेऱ्याने जमिनीवर एकसारखा हात फिरवत मागे मागे सरकत दारापर्यंत यायचं. वाळल्यावर हाताच्या त्या अर्धगोलांची नक्षी जमिनीवर उमटलेली असते. जमीन कुठे उखणली, कुठे पोपडा आला हे तिच्या हाताला डोळ्याआधी कळतं. हेही जमीन स्वतः करणंच होतं. वीज नाही, मोजपट्टी नाही, मिस्त्री नाही. पण त्याला स्वावलंबन म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आपल्या भाषेत त्याला घरकाम म्हणतात. 'मी स्वतः केलं' हे वाक्य म्हणायला आधी न करण्याची सोय असावी लागते, ही गोष्ट त्या दिवशी माझ्या ध्यानात आली. ज्याला ती सोय नाही, तो नुसता करतो.

यावर गुरुजींनी गांधीजींना साक्षीला बोलावलं. तसं ते लांब नव्हतेच. वर्धा म्हणजे आमचा शेजारचा जिल्हा. 1936 साली गांधीजी सेगावात राहायला आले, पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. शरीरश्रम हे त्यांच्या एकादश व्रतांपैकी एक. प्रत्येकाने आपल्या भाकरीपुरते हात हलवावेत, हा विचार त्यांना टॉलस्टॉयच्या आणि बोंदारेव नावाच्या एका रशियन शेतकऱ्याच्या लिखाणात भेटला होता. गुरुजींचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण सेवाग्रामला जाऊन पाहा. जिला आपण आज बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची कुटी. गांधीजींनी सगळं केलं, पण ती कुटी 'मी स्वतः बांधली' असं काही ते म्हणाले नाहीत. शिवाय तिथली जमीनसुद्धा मातीची, म्हणजे पुन्हा कुणीतरी सारवायचीच.

दुसरे साक्षीदार मी काढले. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचे गृहस्थ होऊन गेले. 1845 साली ते वॉल्डन तळ्याकाठी एक खोली स्वतः बांधून तिथे राहायला गेले आणि स्वावलंबनाचे जगद्गुरू झाले. माणूस माझ्या आवडीचा, कारण त्याने खर्चाचा पै-पैचा तक्ता पुस्तकात छापला आहे. एकूण 28 डॉलर 12 सेंट आणि वर अर्धा सेंट. खडूला एक सेंट लागला तोही लिहिला आहे. ज्या माणसाचा अर्धा सेंट सुटत नाही, त्याला आमच्या बँकेत केव्हाही टेबल मिळालं असतं. पण तोच प्रामाणिक माणूस लिहून ठेवतो, की जमीन मित्राची, म्हणजे इमर्सनची होती. कुऱ्हाड उसनी होती. सांगाडा उभा करायला ओळखीचे लोक हाताला आले होते. आणि फळ्या? त्या रेल्वेवर मजुरी करणाऱ्या एका आयरिश माणसाची झोपडी सव्वाचार डॉलरला विकत घेऊन, मोडून आणलेल्या. ते कुटुंब दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाठोडं घेऊन निघालं. पुढे ते कुठे राहिलं, त्याचा आकडा तक्त्यात नाही. तक्त्यात फक्त पैसे लिहिता येतात.

हा तक्ता मी गुरुजींच्या फरशीला लावून पाहिला. फरशी आली गुजरातेतल्या मोरबीहून; तिथल्या भट्ट्यांत ती हजार-बाराशे अंशांवर भाजली गेली. सिमेंट चंद्रपूरकडचं. रेती नदीतून कुणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काढलेली. मुरूम खाणीतल्या मजुरांनी फोडलेला. ॲडम स्मिथने 1776 साली टाचणीच्या कारखान्याचा दाखला दिला आहे, तो बी.कॉम.ला आम्हाला पाठ करावा लागे: दहा माणसं काम वाटून घेऊन दिवसाला 48,000 टाचण्या करतात, आणि एकट्याने सगळं करायचं म्हटलं तर दिवसात वीसही व्हायच्या नाहीत. परीक्षेत मी त्यावर सहा मार्क मिळवले होते. पण त्या दहांतल्या एकाचंही नाव स्मिथने दिलेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रश्नपत्रिकेत ते विचारत नाहीत.

दुसरा धक्का मात्र माझ्या हिशोबातून आला नाही. तोही ताईंकडूनच आला. मी सहज म्हटलं, "मिस्त्री बिचारा रोज येऊन बसायचा. बरं झालं, त्याला वेळ होता." ताई म्हणाल्या, "वेळ नव्हता हो भाऊजी, काम नव्हतं. काम असतं तर कशाला आला असता?"

गुरुजींनी मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं आणि थोड्या अवघडल्या आवाजात विचारलं, "तू एवढं सांगितलंस, त्याचे किती द्यायचे?" मिस्त्री म्हणाला, "सांगन्याचे काय पैसे घ्याचे गुरुजी? तुमी मले पाढे शिकवले त्याचे मी देले का? कामाचे देले असते तं घेतले असते."

या वाक्याला उत्तर नाही. मी बरंच शोधलं. गरजवंताकडून विकत घेण्याजोगं काम न घेता, त्याच्याकडून ज्ञान मात्र फुकट घेणं, याला स्वावलंबन म्हणावं का? पण मग उलट टोकाला जाऊन, ज्याला मजुरी द्यायला पैसे आहेत त्याने हाताला काही लावूच नये, असं म्हणावं, तर आपले हात फक्त सह्या करायला आणि मोबाइल चाळायला उरतील. एकोणीस दिवस गुडघ्यांवर रांगल्यामुळेच गुरुजींना फरशी म्हणजे काय ते कळलं. आता ते मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करणार नाहीत. ही अक्कल चेकबुकातून आली नसती.

मग मिस्त्री आम्हाला त्याच्या घरी घेऊन गेला. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत फरशी आहे, पण एका रंगाची नाही. पांढरी, करडी, चॉकलेटी, फुलाफुलांची, तुकडा तुकडा जोडलेली. गेल्या कित्येक वर्षांत ज्या ज्या घरी त्याने काम केलं, तिथले उरलेले तुकडे मालकाला विचारून आणलेले. तो बोट दाखवून सांगत होता, "ही पाटलाच्या वाड्याची. ही दवाखान्याची. ही शाळंच्या ऑफिसाची, गुरुजी, तुमी होते तवा." वाकड्यातिकड्या तुकड्यांचे सांधे इतके नेमके मिळवलेले, की बोट फिरवलं तर नखाला अडत नव्हतं. ठोकून पाहायची आमची हिंमत झाली नाही. ही फरशी त्याने रात्री कंदिलाच्या उजेडात, कामावरून आल्यावर बसवलेली. बघायला मात्र तो कुणाला बोलावत नाही.

फुलसावंगीत बसून 'स्वतः करणे' या विषयावर बोलताना एक आठवण टाळता येत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये या गावाचं नाव साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. गावातल्या 24 वर्षांच्या एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने, शिक्षण आठवीपर्यंतचं, इंटरनेटवर बघून बघून हेलिकॉप्टर तयार केलं होतं. दोनेक वर्षं तो त्यावर खपला होता. एका रात्री चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटलं, त्याचा घाव डोक्याला बसला आणि तो गेला. त्याची बातमी अनेकांनी विनोदासारखी वाचली असेल. मला ती तशी वाचता आली नाही. गुरुजी खोली चोपायला लागले त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात एक जाणता माणूस येऊन थांबला आणि त्याने विचारलं, "खाली काय हाये?" तो प्रश्न आला नसता तर फार तर 48 फरश्यांचे टवके निघाले असते. त्या मुलाच्या दारावरून रोज जाणारं, त्या विद्येतलं माणूस कुठून यायचं? विमानविद्येचा मिस्त्री गावच्या बांधावरून जात नाही. ज्यांना आपण स्वावलंबी म्हणून मिरवतो त्यांच्या मागे दहा माणसं उभी असतात. आणि जो खरोखर एकटा असतो, त्याची एकच चूक शेवटची ठरते.

म्हणून माझं मत असं झालं आहे, की एकट्याच्या नावावरचं काम ही चीजच नाही. जगातली सगळी कामं ही जॉइंट खाती असतात. पासबुकावर पहिलं नाव एकाचं छापलेलं असतं इतकंच. स्वतः करायला हरकत नाही, करावंच. पण करून झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या खातेदारांची नावं वाचून दाखवायची सवय असावी. आणि त्यांतल्या कुणाची रक्कम आपल्याकडे राहिली असेल तर ती सल्ल्याच्या नावाने देऊ नये, कामाच्या नावाने द्यावी.

गुरुजींनी पुढचा ओटा मिस्त्रीला दिला. बोललेल्या मजुरीवर, एक पैसा न तोडता. त्याने तो दीड दिवसात केला. घमेली भरून द्यायला गुरुजी हाताखाली होते. माल पातळ झाला म्हणून दोनदा बोलणी खाल्ली, आणि ती निमूटपणे खाल्ली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

हल्ली पाहुणे आले की गुरुजी 'मी बसवली' म्हणत नाहीत. म्हणतात, "ही फरशी आम्ही बसवली." पण मराठी भाषा मोठी सोयीची आहे. थोर माणसं एकटी असली तरी स्वतःला 'आम्ही'च म्हणतात. त्यामुळे आतून ताईंचा आवाज येतो, "आम्ही म्हणजे कोण कोण, ते सांगा पाहुण्यांना."

मग गुरुजींना बोटं मोजावी लागतात. मिस्त्री. खणायला मुलगा आणि सालगडी. मुरूमवाला. पाणीनळी धरायला साडू. इतकं झाल्यावर ते थांबतात आणि समाधानाने चहाचा कप उचलतात.

"आणि एकोणीस दिवस विहिरीवरून पाणी कुणी आणलं?" आतून विचारणा होते.

गुरुजी कप खाली ठेवून सहावं बोट शोधू लागतात.